कडधान्यांची पंगत आणि वाफेचे भांडे

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळाच्या स्मरणिकेत इतिहासाचे एक पान असतेच, आणि ते बहुधा अटकेपर्यंत गेलेल्या झेंड्याचे, शिंदे-होळकरांच्या दौलतींचे किंवा तंजावरच्या भोसल्यांच्या विद्याव्यासंगाचे असते. ती पाने मोलाची आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात मात्र आम्ही वाचकांपुढे एक घरगुती इतिहास ठेवू इच्छितो. ज्या वस्तूचा हा इतिहास, ती प्रत्येक सभासदाच्या ओट्यावर उभी आहे आणि दिवसातून एकदा तरी शिट्टी वाजवून आपले अस्तित्व जाहीर करते. तिच्या पोटात जी कडधान्ये शिजतात, त्यांचा इतिहास तर तिच्याहून कितीतरी जुना. या दोन इतिहासांची गाठ आमच्या पिढीच्या स्वयंपाकघरात पडली. आणि ती पडली म्हणूनच शेकडो कोस दूर येऊन राहिलेल्या कुटुंबांच्या ताटात उसळ-आमटी टिकली, असे आमचे मत आहे. ते कितपत सयुक्तिक आहे, हे वाचकांनी ठरवावे.

प्रथम कडधान्यांकडे वळू. चरक-सुश्रुतांच्या संहितांत या धान्यांचा स्वतंत्र वर्ग केलेला आहे आणि ती पाण्यात शिजवून काढलेल्या पेयास ‘यूष’ असे नाव आहे. मुद्गयूष म्हणजे मुगाचा, कुलत्थयूष म्हणजे कुळथाचा. आजाऱ्यास बळ यावे, भूक लागावी, म्हणून वैद्य तो देत असत. आमच्या आजीच्या हातचे मुगाचे कढण हे त्याच यूषाचे मराठी रूप होय. देशावरचे हुलग्याचे माडगे, पुरणाची डाळ शिजल्यावर वेळून काढलेल्या कटाची आमटी, हीसुद्धा त्याच गोत्रातली. सूप हा शब्द आपल्या जेवणात अलीकडे आला खरा. पण कडधान्याचे दाट, ऊन, पोटभरीचे पातळ कालवण ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवावी अशी नव्हती.

हे किती जुने, याची साक्ष मातीखालून निघालेली आहे. नर्मदेच्या दक्षिण तीरावर, अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नावडातोली नावाचे स्थळ आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत गव्हाबरोबर मसूर, मूग, उडीद, वाटाणा आणि लाख यांचे जळके दाणे सापडले. माळव्यातील त्या शेतकऱ्याची भाषा कोणती होती, ते दाणे सांगत नाहीत. परंतु त्याच्या कणगीत आणि आमच्या डब्यांत ठेवलेल्या वस्तूंत फारसा फरक नव्हता, एवढे ते निश्चित सांगतात.

आता या दाण्यांचे मूळ गाव विचारू लागलो, तर मोठी गंमत दिसते. मूग, उडीद, मटकी आणि कुळीथ ही अस्सल या भूमीची लेकरे. बळ्ळारीच्या परिसरातील नवाश्मयुगीन वसाहतींत मूग व कुळीथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पिकत होते. तुरीचे जंगली भाऊबंद ओडिशा-बस्तरच्या रानांत आजही आढळतात. पण हरभरा, मसूर आणि वाटाणा ही मंडळी पश्चिम आशियातून आलेली. त्यांतील हरभऱ्याचे माहेर आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात. चवळी आणि वाल आफ्रिकेतून आले. म्हणजे श्रावणातल्या ज्या वालाच्या बिरड्यावाचून कित्येक घरांत सण साजरा झाल्यासारखे वाटत नाही, तो वालही मूळचा परमुलखाचाच.

सर्वांत उशिरा आला तो राजमा. हे धान्य अमेरिका खंडातले. १४९२ नंतरच त्याचा जुन्या जगाशी परिचय झाला आणि पोर्तुगीजादी दर्यावर्दींच्या व्यापारातून ते आपल्याकडे पोचले. नाव मात्र त्याने येथले घेतले. संस्कृत ग्रंथांतला ‘राजमाष’ म्हणजे चवळी. नवा पाहुणा थोराड, देखणा होता, म्हणून थोरल्या वहिनीचे नाव नव्या सुनेला द्यावे तसे ते नाव त्याला चिकटले. पंजाब-काश्मीरकडे त्याने घर केले हे सर्वश्रुत आहे. परंतु साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडाही याच जातीचा आहे आणि आज त्याला भौगोलिक मानांकनाचा मान आहे. ‘राजमा ही उत्तरेकडची वस्तू, आपली नव्हे’ असे म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना ही माहिती त्या काळी कोणी सांगितली असती, तर बरेच वाद मिटले असते.

तात्पर्य, पाच कडधान्ये एका भांड्यात घातली, तर त्यांत एक-दोन गावचे असतात आणि बाकीचे दूरदेशाहून येऊन गावचे झालेले. आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण कडधान्य मिळाले म्हणजे ते शिजलेच असे नाही. गहू दळता येतो, तांदूळ घटकाभरात शिजतो. कडधान्याचे मात्र वरचे साल चिवट आणि आतल्या पेशी एकमेकींस घट्ट चिकटलेल्या. त्या चिकटविणाऱ्या द्रव्यास पेक्टिन म्हणतात. ते पाण्यात विरघळले म्हणजे दाणा मऊ होतो. म्हणून आपल्या पूर्वजांनी भिजविणे, मोड आणणे, सोलणे, भरडणे अशा नाना युक्त्या योजिल्या. उसळीचे पातेले चुलीच्या वैलावर सरकवून त्यावर खोलगट झाकण ठेवावयाचे, झाकणात पाणी घालावयाचे, आणि आतले पाणी आटले की झाकणातले तेच ऊन पाणी आत ओतावयाचे. थंड पाणी घातले तर दाणा ‘दडस’ राहतो, ही शिकवण सासूकडून सुनेकडे जात असे. यात सारी सकाळ जाई आणि लाकूडफाटाही पुष्कळ जळे. पण वैलाला वेगळे सरपण लागत नसे, आणि घरात हात पुष्कळ होते.

घर सोडून दूर आलेल्या कुटुंबाजवळ या दोन्ही गोष्टी नव्हत्या. चूल गेली, तिच्याबरोबर वैल गेला. खोलीत एक वातीचा स्टोव्ह, त्याला रेशनचे रॉकेल, आणि हाताशी सासू ना जाऊ. त्यात पाणी परके. ज्या शहरात पाणी जड, म्हणजे ज्यात चुन्याचे क्षार अधिक, तेथे ते क्षार पेक्टिनला धरून ठेवतात आणि डाळ तासन्‌तास शिजत नाही. आमच्या शहराचे पाणी याच जातीचे. नव्याने आलेल्या कित्येक भगिनींनी पहिल्या आठवड्यात वाण्याला दोष दिला, दुसऱ्या आठवड्यात डाळीला, आणि मग शेजारणीने सांगितले की, खरा दोष नळात आहे.

ज्यांची बदली डोंगरात झाली, त्यांचे हाल याहून वेगळे. पाणी समुद्रकाठी १०० अंश सेल्सियसला उकळते. पुण्याच्या उंचीवर सुमारे ९८ अंशांना, सिमल्यास सुमारे ९३ व लेहला सुमारे ८८ अंशांना. उकळी फुटली की पाणी त्याहून तापत नाही, आच कितीही वाढवा. म्हणून उंचावर पातेल्यात खळखळून उकळी दिसते आणि आत हरभरा खड्यासारखा राहतो. लष्करात, सर्वेक्षणात, सीमेवरच्या रस्तेबांधणीत गेलेल्या मराठी माणसांनी हे कोडे पुष्कळदा अनुभवले असेल.

या कोड्याचे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच निघाले होते. ते शोधणारा दनी पापँ हा फ्रान्समधील ब्ल्वा या गावी १६४७ साली जन्मला. शिक्षणाने वैद्य, वृत्तीने यंत्रज्ञ. पॅरिसमध्ये त्याने हायगेन्झ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले आणि पुढे लंडनला रॉबर्ट बॉइलबरोबर हवेच्या दाबाचे प्रयोग केले. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे एक जाड, घट्ट झाकणाचे भांडे मांडले. झाकण पक्के असल्यामुळे वाफ आत कोंडली जाई, दाब वाढे, आणि दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या पुढे तापे. भांड्याचे नाव ‘डायजेस्टर’, म्हणजे पाचक. १६८१ साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या आरंभी इकडे रायगडावर संभाजी महाराजांना राज्याभिषेक झाला होता. पुस्तकाच्या नावातच हाडे मऊ करण्याचा उल्लेख आहे. टाकून दिलेल्या हाडांतून आणि स्वस्त, चिवट मांसातून थोड्या कोळशात सकस अन्न निघावे, हा त्याचा हेतू होता.

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात शिजलेले रात्रीचे जेवण घेतले. त्या पंगतीला बसलेल्या जॉन ईव्हलिनने आपल्या रोजनिशीत तिचे वर्णन केले आहे. गोमांस-मेंढ्यांची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती, आणि कोळसा लागला होता आठ औंसांहूनही कमी, म्हणजे आपल्या पाव किलोच्या आतबाहेर. त्यातून निघालेल्या रसाचा एक पेला ईव्हलिनने घरी पत्नीसाठी पाठविला. शाकाहारी वाचकांनी हाडांच्या उल्लेखाने नाक मुरडू नये. जी उष्णता हाड मऊ करते, तिच्यापुढे वालाची ती काय कथा!

पापँचे भांडे बुद्धिमान होते तसे धोक्याचेही होते, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणून त्याने झाकणावर एक छिद्र ठेवले, त्यावर झडप बसविली आणि ती झडप वजन लावलेल्या तरफेने दाबून धरली. दाब मर्यादेबाहेर गेला की वाफ वजनाला उचलून बाहेर पडे. आपल्या कुकरच्या डोक्यावर नाचणारे वजन हे त्या झडपेचे थेट वंशज होय. कोंडलेल्या वाफेचा विचार करता करताच त्याने १६९० साली नळकांड्यात दट्ट्या हलविणाऱ्या वाफेच्या यंत्राची कल्पना मांडली. पुढे न्यूकॉमेन, वॉट, स्टीफन्सन यांच्या हातून त्या कल्पनेची आगगाडी झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. मराठी माणसाला नोकरीसाठी दिल्ली, नागपूर, कलकत्ता, जबलपूर, मद्रास येथे पोचविले ते या आगगाडीने. ज्या वाफेने घरापासून दूर नेले, तिनेच पुढे घरची आमटी शिजविली.

पापँचे स्वतःचे आयुष्य मात्र परमुलखातच गेले. तो ह्यूगेनॉ, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा. १६८५ साली चौदाव्या लुईने त्या पंथाचे संरक्षण काढून घेतल्यावर मायदेशाची वाट बंद झाली. जर्मनीतील मारबुर्ख येथे त्याने गणित शिकविले, १७०७ साली तो पुन्हा लंडनला आला, आणि काही वर्षांनी तेथेच दारिद्र्यात, अनामिकासारखा, त्याचा शेवट झाला.

याच सुमारास आपल्याकडील एक विद्वान असाच दूरदेशी बसून अन्नाचा विचार करीत होता, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. रघुनाथ गणेश नवहस्त हे समर्थ रामदासांच्या परिचयातील पंडित. तंजावरला व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय त्यांना लाभला. त्यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ धान्ये, भाज्या, पक्वान्ने यांच्या गुणदोषांची चर्चा करतो. परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्या संशोधकाने या ग्रंथकर्त्याची माहिती परिश्रमपूर्वक उजेडात आणली. परमुलखात गेल्यावर माणूस आपल्या ताटाकडे अधिक लक्षपूर्वक पाहू लागतो, याचे याहून सुसंस्कृत उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

पापँच्या भांड्याने स्वयंपाकघरात स्थिर व्हायला अडीचशे वर्षे घेतली. दवाखान्यांतील निर्जंतुकीकरण आणि डबाबंद अन्न यांसाठी त्याची भावंडे आधीच कामाला लागली होती. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आटोपशीर घरगुती प्रेशर कुकर मांडला गेला आणि महायुद्धानंतर तो पाश्चात्त्य घरांत पसरला. आपल्या देशात त्याआधी एक वेगळा कुकर होऊन गेला. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इक्मिक कुकर’ तयार केला. एकावर एक डबे, भोवती उंच नळकांडे आणि तळाशी कोळसा. सकाळी भात, डाळ, भाजी लावून माणूस कामाला गेला की परत येईतो जेवण तयार. यात दाब नव्हता, नुसती वाफ होती. पण एकट्या राहणाऱ्या नोकरदाराची अडचण त्याने ओळखली होती.

खरा प्रेशर कुकर देशात बनू लागला तो १९५९ च्या सुमारास, मुंबईत हॉकिन्स आणि बंगलोरात प्रेस्टिज. दोहोंची मूळ नावे इंग्लंडातली. घडण मात्र निराळी. एकाचे झाकण तिरपे करून आत घालावयाचे. वाफच त्याला आतून वर दाबून बंद ठेवते, आणि दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही. दुसऱ्याचे झाकण बाहेरून फिरवून बसवावयाचे, मध्ये रबराचे कडे. वजन अडकले तर वितळून वाट करून देणारी धातूची गुंडी दोहोंत. आतला दाब बाहेरच्या हवेहून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो अधिक, आणि उष्णता १२० अंशांच्या घरात. मुंबई असो की सिमला, कोंडलेल्या वाफेला उंचीची फारशी क्षिती नाही. १९६५ साली कलकत्त्यात इंडेन गॅसची पहिली जोडणी झाली, १९७३ साली जगभर तेलाचे भाव भडकले, आणि इंधन वाचविण्याच्या सरकारी प्रचारात कुकरला मानाचे पान मिळाले. पुढे केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशाने घरगुती कुकरवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. ज्यांच्या घरी अजून बिनशिक्क्याचा जुना कुकर असेल, त्यांनी भावनेपेक्षा सुरक्षिततेचा विचार करावा.

मराठी घरांत त्याचे स्वागत एकदम झाले असे नाही. ‘कुकरातल्या भाताला चव नाही’, ‘उसळीचा गरगट होतो’, ‘फुटला तर?’ हे आक्षेप आम्ही सर्वांनीच ऐकले आहेत. त्यांतला गरगटाचा आक्षेप तर खराही होता. पण तो भांड्यावर नव्हे, मोजणीवर होता. बनविणाऱ्यांची पुस्तिका सांगे की, दाब पुरा झाल्यावर आच मंद करून मिनिटे मोजा. आपण मोजू लागलो शिट्ट्या! ‘भाताला तीन, हरभऱ्याला सहा’ हे कोष्टक देशभर रूढ झाले. प्रत्येक शिट्टी म्हणजे वाया गेलेली वाफ, हे शास्त्र बाजूस राहिले. आणि ‘कुकर लावणे’ हा वाक्प्रचार मात्र मराठीत असा रुजला की आज तो परका वाटत नाही.

आमच्या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवातील एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, कारण ती कोणत्याही इतिवृत्तात नाही. महाप्रसादाला मटकीची उसळ करावयाचे ठरले होते; पण तेवढी मटकी बाजारात मिळेना. येथले लोक तिला मोठ म्हणतात, हे ठाऊक नसल्याने ती समोर असूनही कोणी मागितली नाही. अखेर प्रत्येक घराने आपापल्या डब्यातले असेल ते कडधान्य आणावे असे ठरले. कोणी गावाहून आणलेले कुळीथ दिले, कोणी चवळी, कोणी मसूर. एका घरातून शेजाऱ्यांनी दिलेला राजमा आला. चार घरचे चार कुकर एका ओसरीत लागले. त्या दिवशीची उसळ कोणत्याही एका गावची नव्हती, आणि तीच पुढे मंडळाची ठरली. त्या ओसरीत पहाटेपासून राबलेल्या भगिनींची नावे अहवालात नाहीत, अध्यक्ष-चिटणीसांची आहेत. पन्नास वर्षांनी ही उणीव भरून काढण्याची वेळ आली आहे.

मिश्र कडधान्यांची आमटी करताना जी अडचण येते, ती त्या दिवशीच कळली. सगळे दाणे एका वेळी शिजत नाहीत. तरुण कुटुंबांच्या उपयोगाकरिता आमच्या घरांत स्थिरावलेली रीत येथे देतो. सहा माणसांस सर्व मिळून दोन वाट्या कडधान्य पुरते. राजमा आणि हरभरा आदल्या रात्री एकत्र, चवळी वेगळी, अशी दहा-बारा तास भिजवावी. मूग आणि मटकी यांना मोड आलेले असल्यास उत्तम. मसुराला अर्धा तास पुरे. भिजविलेले पाणी टाकून द्यावे. पाच लिटरच्या कुकरात प्रथम राजमा व हरभरा दोन बोटे वर पाणी घालून लावावा. फेस आवरण्यास चमचाभर तेल घालावे. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पंधरा मिनिटे. वाफ आपोआप जिरू द्यावी. राजमा बोटांत सहज चुरडला पाहिजे. न चुरडल्यास पुन्हा लावावा. मग चवळी, मूग, मटकी, मसूर व लागेल तसे ऊन पाणी घालून दाब आल्यावर मंद आचेवर सहा मिनिटे. कडधान्ये असताना कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, कारण सालपटे व फेस वर चढून वाफेची वाट अडवितात. राजमा कच्चा किंवा नुसता कोमट ठेवून अर्धवट शिजविलेला कधीही खाऊ नये. त्यातील एक विषारी द्रव्य चांगल्या उकळीनेच नष्ट होते, आणि कुकर ते काम चोख करतो.

आमसूल, चिंच किंवा टोमॅटो दाणे शिजल्यावरच घालावे. आंबटपणा पेक्टिनला विरघळू देत नाही. आमच्या आज्या आमसूल शेवटी घालीत, ते या शास्त्राने बरोबर ठरते. खायच्या सोड्याची चिमूट जड पाण्यात मोह घालते खरी. पण तिने ‘ब’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षा पाणी उकळून, गार करून, वरचे निवळ पाणी घ्यावे. पुढची फोडणी, भाजलेल्या कांदाखोबऱ्याचे वाटण, गोडा मसाला आणि गुळाचा खडा यांविषयी आम्ही काही सांगणे उद्धटपणाचे होईल. ते ज्या त्या घरचे आहे. एवढेच सांगतो की, मसूर आणि मूग विरघळून रस्स्याला दाटपणा देतात. राजमा, हरभरा आपला आकार राखतात. पळीत दोन्ही आले पाहिजेत.

आता प्रश्न उरतो अस्सलपणाचा. आमच्या नातवंडांना या आमटीत मावशीच्या घरच्या मटकीची चव येत नाही, आणि महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ‘राजमा कशाला घातला?’ असे विचारतात. आम्ही त्यांना चारी दिशांकडे बोट दाखवितो. कुमाऊंत गहत म्हणजे आपला कुळीथ, भट्ट, राजमा असे दाणे लोखंडी कढईत तासन्‌तास शिजवून त्यांचा ‘रस’ भाताबरोबर खातात. कर्नाटकात पुरणपोळीच्या डाळीच्या कटाचे ‘होळिगे सारु’ करतात. कटाच्या आमटीची ती सख्खी बहीण. बंगाल-बिहारची ‘घुगनी’ ऐकली की आपल्या बारशाच्या घुगऱ्या आठवतात. आंध्रात कुळथाला उलवलु म्हणतात, तमिळनाडूत कोळ्ळु, कानडीत हुरळी, दाणा एकच. ज्या मराठी कुटुंबाने शेजाऱ्याच्या घरी हा दाणा ओळखला, त्याला ते शहर थोडे कमी परके झाले.

तथापि एक गोष्ट हातातून निसटते आहे. कुकराने वेळ वाचविला, इंधन वाचविले, नोकरी करणाऱ्या भगिनींना संध्याकाळी मंडळाच्या तालमींना येण्याइतकी सवड दिली. त्याचे ऋण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण वैलावरच्या पातेल्याबरोबर कित्येक पदार्थ आणि त्यांचे शब्दही गेले. माडगे, कढण, कट, दडस, डाळिंब्या हे शब्द आमच्या तिसऱ्या पिढीपैकी कितीजणांना कळतात? चुलीवर कडधान्य शिजविलेल्या आजीबाई आमच्या मंडळात आता मोजक्याच राहिल्या आहेत.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. मंडळाच्या पुढील वार्षिक अंकासाठी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरची एक आमटी, उसळ वा कढण लिहून द्यावे. कोणाकडून शिकले, मूळ गाव कोणते, येथे आल्यावर त्यात काय बदलले आणि का, हेही लिहावे. मापे वाटी-चमच्याची असोत, भाषा कशीही असो. ज्यांना देवनागरी लिहिण्याची सवय राहिली नाही, त्यांच्या सांगण्यावरून उतरवून घेण्यास आम्ही तयार आहोत. लिखाण कार्यालयात किंवा रविवारच्या ग्रंथालयाच्या वेळी द्यावे, आणि शिकविणाऱ्या बाईचे नाव त्यावर अवश्य घालावे.